गॅसची गोळी किती दिवस घ्यायची?

"ताई, दोन गॅसच्या गोळ्या द्या."

दिवसातून किती वेळा हे ऐकते त्याची मोजदाद मी कधीच सोडून दिली. गेली चौदा वर्षं विक्रोळीला एका मेडिकलमधे फार्मासिस्ट म्हणून काउंटरला उभी आहे. आपल्याकडे गॅस या एका शब्दात काय काय येतं हे मला आता पाठ झालंय, छातीत जळजळ झाली गॅस, पोट फुगलं गॅस, आंबट ढेकर आले गॅस, पाठीत चमक आली तरी गॅस आणि उपास करून डोकं धरलं तरी पित्त नाहीतर गॅसच. प्रत्येकाला हवी असते एकच गोळी, आणि चौदा वर्षांत "ही किती दिवस घ्यायची?" असं आपणहून विचारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली असतील.

हे आज लिहायला बसले त्याचं कारण माझी आई.

सात वर्षांपूर्वी आईचा गुडघा खूप दुखायला लागला होता, डॉक्टरांनी दहा दिवसांची डायक्लोफेनॅक दिली आणि त्याबरोबर सकाळी घ्यायला एक कॅप्सूल, पॅन्टोप्राझोल आणि डॉमपेरिडोन एकत्र असलेली. ते बरोबरच होतं, कारण डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या सगळ्या गोळ्या जठराचं आतलं अस्तर सांभाळणारी यंत्रणाच कमजोर करतात, वयस्कर माणसाला त्याने अल्सर होऊ शकतो, म्हणून वरून संरक्षणाला ॲसिड कमी करणारी गोळी देतात. दहा दिवसांनी दुखण्याची गोळी संपली. कॅप्सूल मात्र संपलीच नाही. आईला बरं वाटत होतं, जेवण पचतंय, ढेकर नाहीत, मग ती म्हणाली आणखी एक पाकीट आण, मग आणखी एक. आणणारी कोण, तर मी. दर महिन्याला दुकानातून निघताना पर्समधे टाकायचे आणि घरी चहाच्या डब्याशेजारी ठेवायचे. डी फार्म केलेली मुलगी घरात असून सहा वर्षं एकदाही मी ती चिठ्ठी काढून पाहिली नाही, त्याच्यावर स्पष्ट लिहिलं होतं १० दिवस.

मागच्या वर्षी आईच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, जिना उतरताना भिंतीला धरायला लागली. रक्त तपासलं तर नसांना लागणारं व्हिटॅमिन बी १२ आलं १४०, लॅबच्या कागदावर खालची मर्यादाच २०० च्या आसपास होती. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की एकट्या कॅप्सूलला दोष देता येणार नाही, आई डायबेटिसची मेटफॉर्मिन पण बरीच वर्षं घेतेय, त्यानेही बी १२ कमी होतं, आणि ज्यातून बी १२ मिळतं ते मासे-मटण आमच्याकडे रविवारीच. पण अन्नातलं बी १२ सुटं व्हायला जठरात ॲसिड लागतं आणि ते ॲसिडच आम्ही सहा वर्षं बंद करून ठेवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता या गोळ्या काम कसं करतात ते सांगते, कारण ते कळलं की घ्यायची वेळ आणि दिवस दोन्ही आपोआप कळतात.

जठराच्या भिंतीतल्या पेशींमधे ॲसिड बाहेर टाकणारे पंप असतात. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल, ज्यांच्या नावाच्या शेवटी प्राझोल येतं ती सगळी भावंडं हे पंप बंद करतात. ओमेप्राझोल १९८० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं आणि अल्सरसाठी होणारी ऑपरेशनं खरंच खूप कमी झाली, म्हणजे औषध उत्तम आहे याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण गंमत अशी की ही गोळी जठरात विरघळूच नये म्हणून तिच्यावर कवच असतं, ती आतड्यात जाऊन रक्तात मिसळते, रक्तातून परत त्या पेशींपर्यंत येते आणि जो पंप चालू आहे त्यालाच पकडते. पंप चालू होतात जेवताना. म्हणून ती उपाशीपोटी, जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. आमची आई चहा-चपाती खाऊन मग घ्यायची, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी बरेच जण तसंच करतात, काही जण तर लवकर लागू पडावी म्हणून चावून खातात, त्याने कवचच फुटतं आणि औषध जठरातल्या ॲसिडमधेच फुकट जातं.

आणि ही आत्ता घेतली, आत्ता बरं वाटलं अशी गोळी नाहीच. सगळे पंप एकदम चालू नसतात, रोज थोडे थोडे पकडत पूर्ण परिणाम यायला तीन-चार दिवस जातात. त्यामुळे दोन गोळ्या कापून नेऊन रात्रीची जळजळ थांबवायला बघणाऱ्या माणसाला तिचा फारसा उपयोग नाही, आणि ज्याला खरंच ॲसिडिटीचा आजार आहे त्याला साधारण ४ ते ८ आठवड्यांचा कोर्स पुरतो. दोन दिवसही नाही आणि सहा वर्षंही नाही!

काही जणांना ही वर्षानुवर्षं लागते हे पण सांगते, म्हणजे हे वाचून कोणी उद्यापासून बंद करू नये. हार्टसाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असलेले, संधिवाताच्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेणारे, अन्ननलिकेला जखमा झालेले, अल्सरमधून एकदा रक्त गेलेले, अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नये. माझं म्हणणं फक्त ज्यांना ती का चालू आहे हेच आठवत नाही त्यांच्याबद्दल आहे.

बंद करणंही सोपं नव्हतं. इतके महिने ॲसिड दाबून ठेवलं की शरीर ॲसिड वाढवा वाढवा असा हुकूम देणारं गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन जास्त बनवत बसतं, आणि गोळी अचानक सोडली की ते सगळं उसळून वर येतं, जळजळ आधीपेक्षा जास्त. माणसाला वाटतं बघा, मला गोळीशिवाय जमतच नाही, आणि परत चालू. आईला डॉक्टरांनी आधी डॉमपेरिडोन पूर्ण बंद करून साधी पॅन्टोप्राझोल ४० दिली, मग २०, मग एक दिवसाआड, आणि मधे जळजळ झालीच तर फॅमोटिडिन ही ॲसिड कमी करणारी वेगळ्या प्रकारची गोळी नाहीतर अँटासिडचं ते पातळ गुलाबी औषध. पहिले दोन आठवडे तिने खूप सोसलं. रात्री दोन उशा घेऊन बसायची, मी शेजारी. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सकाळी म्हणाली, "अगं, आज घ्यायची विसरलेच की मी." तेव्हा मला जे वाटलं ते लिहिता येत नाही.

डॉमपेरिडोनबद्दल दोन शब्द. हे ॲसिडचं औषध नव्हेच, हे मळमळ-उलटीचं, जठर पुढे लवकर रिकामं करणारं औषध आहे, आणि त्याने काही माणसांत हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मधेच सांगितलंय की मोठ्या माणसाने १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि सहसा एका आठवड्यापेक्षा जास्त घेऊ नये. ज्यांना फक्त जळजळ आहे आणि मळमळ अजिबात नाही त्यांनी ही जोडगोळी महिनोन्महिने घ्यायचं काय कारण, हे मला अजून कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

जुनी माणसं अजून ॲसिडवर रॅनिटिडिन मागतात. स्वस्त, ओळखीची, बाबांच्या काळापासूनची. तिच्यात एनडीएमए नावाचा कॅन्सरचा धोका वाढवू शकणारा घटक सापडला आणि तो साठवणुकीत, गरम हवेत वाढत जातो असं दिसलं म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकांनी एप्रिल २०२० मधे ती बाजारातून काढायला लावली. आपल्याकडे २०२२ च्या आवश्यक औषधांच्या यादीतून तिचं नाव गेलं. मी मागणाऱ्याला हे सांगते आणि डॉक्टरांना फॅमोटिडिनबद्दल विचारा म्हणते, तीही त्याच कुळातली, पण तिच्यात हा प्रॉब्लेम सापडलेला नाही.

मग कधीतरी वडापाव जास्त झाला, लग्नात जेवण जड झालं, त्याला काय? त्याला साधं अँटासिडच बरं, डायजीन-जेलुसिलसारखं. ते आहे ते ॲसिड तिथल्या तिथे मारतं आणि काही मिनिटांत बरं वाटतं, तास-दोन तासांत काम संपलं. त्यात मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही का असतात माहितीये, मॅग्नेशियमने पोट ढिलं होतं, ॲल्युमिनियमने घट्ट, म्हणून एकाला दुसरं सांभाळतं. फक्त किडनीचा त्रास असलेल्यांनी विचारून घ्यायचं, आणि इनो वगैरे फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम भरपूर असतं म्हणून बीपीवाल्यांनी रोज पिऊ नये. अजून एक, हे मी प्रत्येक बाईला सांगते कारण निम्म्या जणींना थायरॉईड आहे: थायरॉईडची गोळी आणि अँटासिड यात चार तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळ्या, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक यांनाही अँटासिड धरून ठेवतं, त्यांच्यातही काही तास जाऊ द्यायचे, किती ते विचारून घ्यायचं, नाहीतर ते औषध अंगाला लागतच नाही.

आता एक प्रसंग. दोन वर्षांपूर्वी, रात्रीचे साडेदहा, शटर अर्धं खाली ओढलेलं. पन्नाशीचे एक काका आले, कामावरून थेट, खांद्याला बॅग. "मॅडम, काहीतरी कडक द्या गॅसवर, ट्रेनमधून उतरल्यापासून इथे दाबल्यासारखं होतंय." हात छातीवर. मी पाकिटाकडे हात नेला आणि सहज वर बघितलं तर माणूस घामाने डबडबलेला, पंख्याखाली उभा राहून. विचारलं, जबडा किंवा हात दुखतोय का, तर म्हणाले हो, डावा जरा जड झालाय, बॅगेने असेल. मी गोळी दिली नाही. आमच्या पोऱ्याला बरोबर दिलं, रिक्षा थांबवली आणि थेट हॉस्पिटलला पाठवलं, चालतही जाऊ दिलं नाही. अटॅकच होता.

बारा दिवसांनी त्यांच्या मिसेस चिठ्ठी घेऊन आल्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची गोळी, आणि खाली पॅन्टोप्राझोल ४०. तीच, सगळे गॅसची म्हणतात ती, पण या चिठ्ठीत तिला नेमकं काम होतं, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपासून जठर वाचवायचं. आणि पॅन्टोप्राझोलच का, तर ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून तिथे ती टाळतात. म्हणजे गोळी वाईट-चांगली अशी नसतेच हो, कोणाला, कशासाठी, किती दिवस, एवढंच बघायचं असतं. वहिनी काउंटरला धरून रडल्या, मला पण रडू आलं, मागे तीन गिऱ्हाईकं उभी होती, कोणी काही बोललं नाही.

तेव्हापासून छातीत दाबल्यासारखं, घाम, धाप, हात-जबडा यातलं काही ऐकलं की मी गोळी देत नाही, भांडले तरी. आणि अजून काही गोष्टी ऐकल्या तरी थेट डॉक्टरांकडे पाठवते: गिळताना घास अडकतोय, काही न करता वजन उतरतंय, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, शी डांबरासारखी काळी, चिकट. लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही, पण डांबरासारखी चिकट आणि घाण वास म्हणजे आत कुठेतरी रक्त जातंय. अशात गोळी घेऊन जळजळ दाबली की आजार आत वाढत राहतो आणि माणूस बरं वाटतंय म्हणून बसून राहतो.

वरचेवर अल्सर होणाऱ्यांनी पोटातल्या जंतूची तपासणी करून घ्यावी, हेलिकोबॅक्टर पायलोरी. पूर्वी सगळे म्हणायचे अल्सर तिखटाने होतो, टेन्शनने होतो. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांनी सांगितलं की जंतूने होतो, कोणी ऐकेना, तेव्हा १९८४ मधे मार्शलने तो जंतू स्वतःच पिऊन दाखवला आणि त्याच्या जठराला सूज आली. २००५ मधे दोघांना नोबेल मिळालं. याचा कोर्स असतो बहुधा १४ दिवसांचा, अँटिबायोटिक आणि प्राझोल एकत्र, मूठभर गोळ्या, तोंड कडू होतं, आणि लोक सहाव्या दिवशी सोडतात. नका सोडू, अर्धवट सोडलं तर जंतू औषधाला सरावतो आणि पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही. आणि तपासणीच्या आधी दोन आठवडे प्राझोल बंद लागते, नाहीतर जंतू असून रिपोर्ट निल येतो, ही गोष्ट लॅबमधे विचारून घ्या.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळा नूरच बदलतो. जूनच्या शेवटी पाणी गढूळ यायला लागलं की आठ दिवसांत जुलाबाच्या गोळ्यांना रांग. नाव घेऊन मागतात, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, दोनच द्या ताई. पाकिटावर लाल पट्टी आहे, चिठ्ठीशिवाय देत नाही म्हटलं की राग, बाजूच्या दुकानात मिळते म्हणतात. पण बहुतेक जुलाब व्हायरसचे किंवा आपोआप थांबणारे असतात, त्यांना अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. लोपेरामाइड मागणारे लोकलने जाणारे, सव्वा तासाचा प्रवास आणि गाडीत संडास नाही, त्यांची अडचण मला मनापासून कळते. पण ते औषध फक्त आतड्याची हालचाल मंद करतं, ताप असेल किंवा शीमधे रक्त असेल तर घाण आत अडकवून ठेवायची नसते, आणि लहान मुलांना तर अजिबात नाही.

लहान मुलांना लागतं ते ओआरएस, जुलाबात अंगातून गेलेलं पाणी-मीठ भरून काढणारी, पाण्यात कालवायची पावडर. आणि इथे मला हात जोडून सांगायचंय, ओआरएस म्हणजे फ्रिजमधला टेट्रापॅकचा ज्यूस नाही. कितीतरी आयांनी ताप-जुलाबात पोरांना तो पाजलाय, त्यातल्या जास्त साखरेने जुलाब वाढतात. बरं झालं, ऑक्टोबर २०२५ मधे एफएसएसएआयने, म्हणजे आपल्या अन्न नियामकांनी, असल्या पेयांवर ओआरएस हे नाव वापरायलाच बंदी केली. खरं पाकीट म्हणजे एक लिटर पाण्याला २०.५ ग्रॅम: मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९. हे आकडे उगाच नाहीत, आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत जातात आणि त्यांच्या मागे पाणी खेचलं जातं, प्रमाण बिघडलं की सगळंच उलटं. १९७१ मधे बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-ग्लुकोज-सोडा कालवून नातेवाइकांच्या हातात पेले दिले, आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. २०२२ मधे ते गेले, पद्मविभूषण मिळालं ते गेल्यावर. ते पाकीट आज आमच्या दुकानात सगळ्यात कमी मानाचं औषध आहे, "काय ताई, नुसती पावडर देताय?"

परवाच एक नवी आई मोठ्या पाकिटातली अर्धी पावडर पेलाभर पाण्यात घालत होती. असं नाही करायचं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमधे, छोटं असेल तर २०० मिलीमधे, उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्याने थोडं थोडं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. २४ तासांनी उरलेलं ओतून टाकायचं. सोबत झिंक, सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०, आणि जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १० ते १४ दिवस पूर्ण. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. बाळ सुस्त पडलं, शू होत नाही, डोळे खोल गेले तर चमचा बाजूला ठेवून दवाखाना.

पोट साफ न होणाऱ्यांचं थोडक्यात सांगते. इसबगोल चांगलं, रोज घेतलं तरी चालतं, पण पेलाभर पाण्यात लगेच प्यायचं आणि वर अजून एक पेला, कमी पाण्यात घेतलं तर तेच घशात नाहीतर आतड्यात फुगून बसतं. बिसाकोडिल ही रात्री घ्यायची गोळी, ६ ते १२ तासांनी काम करते, दुधाबरोबर घेऊ नका कारण तिचं कवच दुधाने आधीच विरघळतं आणि पोटात कळा येतात, आणि ती कधीतरीसाठी आहे, रोजसाठी नाही. तसंच लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, आधी ते बघा.

दुकानात मी एक बदल केलाय. पूर्वी दोन गोळ्या मागितल्या की पाकिटाला जिथे जमेल तिथे कात्री लावायचो, नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्यावर, आणि घरी डब्यात चार महिन्यांनी सापडलेली ती चंदेरी जोडी कशाची हे कोणालाच कळत नाही. आता मी नाव आणि तारीख असलेली बाजू गिऱ्हाइकाला देते, जमलं नाही तर कागदी पाकिटावर पेनाने लिहिते, गोळीचं नाव, जेवणाआधी की नंतर, आणि किती दिवस. मालक आधी कुरकुरले, गर्दीत वेळ जातो म्हणून. आता तेच पेन शोधून देतात.

आईची बी १२ ची इंजेक्शनं संपली, आता गोळी चालू आहे, मुंग्या बऱ्याच कमी झाल्यात पण डाव्या पायाच्या बोटांत अजून आहेत. गणपतीनंतर परत रक्त तपासायचंय. चहाच्या डब्याशेजारी आता ओव्याची बाटली असते.